मुलांच्या परीक्षेचा हिशेब पालकांसमोर मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी सोलापूर महानगरपालिकेच्या एका प्राथमिक शाळेत चौथीत शिकते. त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालकांमधून मी अध्यक्ष आहे. नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात, हिशेबाच्या टेबलावर. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका शाळेचे गाऱ्हाणे नाही. शहराच्या पूर्व भागात, विडी आणि यंत्रमागावर जगणाऱ्या वस्त्यांत ज्यांची मुले मनपा शाळेत जातात, त्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

आमच्या मुलांच्या चाचण्या भरपूर होतात. त्यांचे गुण वरच्या कार्यालयांत जातात आणि तिथेच राहतात. ज्यांची ही मुले आहेत, त्यांच्यापर्यंत त्यातले काही पोहोचत नाही. मुलाला काय येते हे कसे तपासायचे आणि शाळेने कशाचा जाब कोणाला द्यायचा, हे ठरवताना पालकांना विचारले गेले पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, पहिल्या सत्राच्या शेवटी संकलित चाचणी एक, वर्षाच्या शेवटी संकलित चाचणी दोन. २०२३-२४ पासून या चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका राज्यभर सारख्याच येतात. विषय भाषा, गणित आणि इंग्रजी. बाई पेपर तपासतात आणि मग रात्री घरी बसून एकेका मुलाचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी केंद्राच्या, चॅटबॉटवर भरतात. त्याशिवाय पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास फेरपरीक्षा आणि तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात. देशपातळीवरची सर्वेक्षणे वेगळी. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी एक झाले, ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीचे ‘परख’ झाले. त्यांचे जिल्हावार अहवाल निघतात आणि जिल्हा कितवा आला याच्या बातम्या आपणही छापता. माझ्या गल्लीतल्या आईला त्या बातमीतून तिच्या पोराबद्दल काय कळणार?

तिला मिळते ते प्रगतिपुस्तक. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून त्यात श्रेणी असते. मुळात ती पद्धत चांगली आहे. रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय असे सगळे बघून मुलाबद्दल लिहायचे. लेखी पेपरात गप्प बसणाऱ्या मुलालाही त्यात जागा आहे. पण पालकाच्या हातात येताना त्याचे एक अक्षर आणि एक आकडा होतो. खाली ‘वाचनात रुची घेते’ अशी एक ओळ, जी पुष्कळ मुलांच्या पुस्तकात सारखीच असते.

माझी शेजारीण विड्या वळते. तिच्या तिसरीतल्या मुलीला भाषेत ब-१ मिळाला. ब-१ म्हणजे शंभरात एकाहत्तर ते ऐंशी, असे मी तिला समजावून सांगत होते, तेव्हा मांडीवरच्या सुपातले पान न सोडता ती म्हणाली, ‘अक्का, ते ब-एक राहू दे. पोरगी वाचलालीय का नाही, तेवढं सांग की.’

मी मुलीला जवळ बसवून तिच्याच पुस्तकातला धडा काढला. साधे शब्द ती वाचत होती. जोडाक्षर आले की थांबायची, आईकडे बघायची, मग ओळ सोडून पुढे जायची. वाचून झाल्यावर गोष्टीत काय झाले हे तिला सांगता आले नाही. मराठीत नाही आणि तेलुगूतही नाही. मग मी वहीत १००० भागिले २५ असे लिहून दिले. भागाकार अजून नीट शिकवलेला नव्हता, तिने वही तशीच ठेवली. आमच्या घरी तेलुगूच बोलतात, म्हणून मी तेलुगूत विचारले की हजार विड्यांचे कट्टे किती होतात. ‘नलभै’, तिने मान वर न करता सांगितले. चाळीस. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, आजी मोजताना ती रोज शेजारी बसते. पाचशेचे किती, साडेसातशेचे किती, सगळी उत्तरे बरोबर.

आठ-नऊ वर्षांच्या मुलीने कट्टे मोजत बसावे, असे मला वाटत नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. या मुलीला वाचनात तातडीने मदत हवी आहे आणि गणितात ती आपण समजतो त्याच्या पुष्कळ पुढे आहे. ब-१ या श्रेणीत यातले एकही दिसत नाही. पहिली गोष्ट तिच्या बाईंना ठाऊक होती, त्यांनी मला तसे सांगितलेही. दुसरी तिच्या आजीला ठाऊक होती. पण बाई आणि आजी यांना एकमेकींशी बोलायला लावील अशी जागा आपल्या मूल्यमापनात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपुस्तकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकांबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करायचे आहे, आणि ते पुस्तक घर व शाळा यांच्यातला दुवा व्हावे असे म्हटले आहे. सोलापुरात हा दुवा जुळवायचा असेल तर तो तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी अशा चारही भाषांत जुळवावा लागेल. महापालिकेच्या या चारही माध्यमांच्या शाळा आहेत, तेव्हा त्या भाषांचे शिक्षक शोधायला कुठे दूर जायला नको. मराठी माध्यमात शिकणाऱ्या तेलुगू मुलाच्या आईला समजावून सांगायला तेलुगू शाळेतल्या एखाद्या बाई सभेपुरत्या आल्या तरी भागेल.

कायदा पालकांच्या बाजूने आहे, हे मला समितीवर आल्यावर समजले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. कलम २४ सांगते की मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांबद्दल पालकांना नियमित बैठका घेऊन माहिती देणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख करायची, मिळालेले अनुदान कसे खर्च होते ते पाहायचे, हे त्या समितीचे काम. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा. कागदावर यापेक्षा जास्त अधिकार आम्हाला मागायचेही नाहीत.

प्रत्यक्षात बैठक सकाळी अकराला ठेवली जाते. त्या वेळी समितीतल्या निम्म्या बायका विडी कारखान्यात माल द्यायला रांगेत असतात. मागावर जाणारे वडील एक तर पाळीवर असतात किंवा रातपाळी करून झोपलेले असतात. मग वही घरी येते आणि सह्या होतात. इतिवृत्तात ‘गुणवत्तेबाबत चर्चा झाली’ असे लिहिलेले असते. मी अध्यक्ष झाल्यावर बैठक दुपारी तीनला घ्यायचा आग्रह धरला आणि मुख्याध्यापकांनी तो मानला, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. बायका येऊ लागल्या. पण आल्यावर बोलायचे कशावर? मागच्या चाचणीत तिसरीचे काय झाले, हे मी विचारले तर उत्तर आले की गुण भरले आहेत, अहवाल वरून आला की सांगू.

म्हणून मी उलट बाजूने सुरुवात केली. शाळा सुटताना फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आयांना, आज्यांना, काही वडिलांना मी विचारत गेले, की शाळेबद्दल तुम्हाला नक्की काय कळायला हवे आहे? एका आईला हवे होते की पोराने दवाखान्याची चिठ्ठी आणि औषधावरची तारीख वाचावी. यंत्रमागावर काम करणारे एक वडील म्हणाले, बँकेची स्लिप भरता येते का ते बघा, मला येत नाही म्हणून रांगेत दुसऱ्याला विनवावे लागते. एकीने विचारले की माझी मुलगी वर्गात बोलते का, घरी तोंड बंद नसते, शाळेत म्हणे मुकी असते. एक आजी थेट म्हणाल्या, मारतात का ते विचार. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असते का, हे तर जवळजवळ प्रत्येक आईने विचारले. आणि पुष्कळांनी शेजारणीचाच प्रश्न विचारला: वाचता येते का? शाळा कितव्या नंबरावर आहे, हे कोणीही विचारले नाही.

नंबराच्या स्पर्धा मात्र शाळांनी पाहिल्या आहेत. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात भिंती रंगल्या, परसबागा झाल्या, फोटो अपलोड झाले. मुलांना रंगीत भिंती आवडतात, माझी मुलगीही त्या चित्रांपाशी रेंगाळते. पण त्या दिवसांत बाई वर्गापेक्षा फोटोंच्या मागे जास्त होत्या, हे आम्ही पालकांनी पाहिले. आता शाळांचे गुणवत्ता मूल्यांकन येते आहे, त्यात शाळेने स्वतःच शेकडाभर मानकांवर स्वतःला पारखायचे आणि पुरावे अपलोड करायचे. ते भरताना पालकांना एकदा तरी समोर बसवा. मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दलच्या मानकावर आया जे सांगतील, त्याहून मोठा पुरावा कोणता?

आकड्यांचाच धाक घातला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे २००२ मध्ये एक केंद्रीय कायदा आला. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले पात्र झालीच पाहिजेत आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाई. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात निकाल झपाट्याने सुधारले, कौतुक झाले. २०११ मध्ये राज्याच्या चौकशीत निघाले की ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा मुलांच्या उत्तरपत्रिकांमधल्या गैरप्रकारात हात होता. चुकीची उत्तरे खोडून बरोबर केलेली. काहींना पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. पण ज्या मुलांचे गुण वाढवले, त्यांना वाचता येत नाही हे लपले आणि जी जादा मदत त्यांना मिळायला हवी होती ती मिळाली नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटते. तो कायदा २०१५ मध्ये बदलावा लागला.

माझ्या कारखान्यात प्रत्येक टॉवेल तपासणीच्या टेबलावरून जातो. धागा तुटलेला, किनार सुटलेली दिसली की तपासणाऱ्या बाई खूण करतात आणि तो माल कोणत्या मागावरचा ते पाहून निरोप त्याच दिवशी मागावर जातो, म्हणजे पुढचा माल सुधारतो. खूण करून टॉवेल गोदामात टाकून दिले आणि निरोप मागाकडे गेलाच नाही, तर तपासणीचा पगार कशासाठी द्यायचा? पायाभूत चाचणी वर्षाच्या सुरुवातीला घेतात ती याचसाठी ना, की हाताशी वर्ष असताना दुरुस्ती करता यावी. मग तिचा निकाल त्याच महिन्यात, त्याच शाळेत, पालकांसमोर वाचला गेला पाहिजे.

मी तेवढेच मागते आहे. पायाभूत चाचणीनंतर पंधरा दिवसांच्या आत आणि पुन्हा गड्ड्याची यात्रा उरकल्यावर जानेवारीच्या शेवटी, प्रत्येक मनपा शाळेत पालकांची जाहीर सभा घ्यावी. महसूल खाते गावात सातबाऱ्याचे चावडी वाचन करते, ज्याची जमीन त्याच्यासमोर नोंद मोठ्याने वाचली जाते आणि चूक असेल तर तिथेच सांगता येते. मुलांच्या शिक्षणाची नोंदही तशीच वाचावी. मात्र सभेत एकाही मुलाचे नाव घ्यायचे नाही. तिसरीत किती मुले आहेत, त्यांतली किती उतारा समजून वाचतात, किती शब्दांपाशी अडतात, किती अजून अक्षरांपाशी आहेत, आणि येत्या तीन महिन्यांत त्यांच्यासाठी शाळा काय करणार, एवढेच साध्या बोलीत. आपल्या मुलाचे पान ज्याचे त्याने बाजूला बसून बाईंकडून समजून घ्यायचे. पानावर एक रकाना घरच्या माणसांचा असावा. लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावे आणि समितीतल्या कोणी लिहून घ्यावे. कट्ट्यांचा हिशेब त्या रकान्यात येईल.

कर्नाटक आपल्या शेजारी आहे. तिथे अक्षरा फाउंडेशन ही संस्था ग्रामपंचायतीच्या पातळीवर प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या गणित स्पर्धा भरवते आणि मुलांना काय येते हे गावासमोर येते. विजयपूर-कलबुर्गीकडच्या गावांना जे जमते ते अक्कलकोट, दक्षिण सोलापूरलाही जमेल आणि शहरातल्या प्रभागालाही. मला त्यातला बक्षिसांचा भाग नको आहे, गावाने बसून ऐकण्याचा हवा आहे.

फाटकाबाहेर जे प्रश्न मिळाले, तसे प्रत्येक शाळेने आपापल्या पालकांकडून जमवावेत आणि त्यांतले पाच-सहा समितीने ठरवून वर्षभर तेच तपासावेत. राज्याच्या चाचण्या चालू राहू देत, त्यांना माझा विरोध नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत कुठे पैसा आणि माणसे जास्त लागतील, हे ठरवायला त्या उपयोगी आहेत. पण शाळेने पालकांना काय उत्तर द्यायचे, ते पालकांच्या प्रश्नांवरून ठरावे.

काही शिक्षकांना ही कल्पना धास्तीची वाटली. एका बाईंनी मला विचारले, भर सभेत आम्हाला फैलावर घेणार का? त्यांची भीती खरी आहे. वर्गात दोन इयत्ता एकत्र, त्यात मतदार याद्यांचे काम, ऑनलाइन माहिती, खिचडीच्या नोंदी. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ म्हणते. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची मागणी मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणून माझे आग्रहाने म्हणणे आहे की सभेत शाळेच्या पानाबरोबर महापालिकेचेही पान वाचले जावे. या शाळेत शिक्षकांची पदे किती मंजूर, किती भरलेली. मागच्या तीन महिन्यांत बाईंचे किती दिवस वर्गाबाहेरच्या कामात गेले. समितीने दिलेल्या विकास आराखड्यातले काय झाले, काय अडले, कोणाच्या टेबलावर अडले. नळाला पाणी किती दिवस होते.

पाण्याचे का विचारते, ते सोलापूरकरांना सांगायला नको. चार-पाच दिवसांआड नळ येतो. ज्या दिवशी येतो त्या दिवशी वर्गातली हजेरी घसरते, कारण घागरी भरायला घरात मोठे माणूस नसते. त्याच दिवशी चाचणी असेल तर त्या मुलांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागते आणि शाळेची सरासरी खाली येते. हा जाब शाळेकडे मागायचा की पाणीपुरवठा विभागाकडे? पालक सभेत बसले की हे आपोआप निघेल आणि निदान चाचणीची वेळ ठरवताना त्या भागातल्या पाण्याचा वार पाहिला जाईल.

या कामासाठी नवे पोर्टल, नवा कर्मचारी काहीच लागत नाही. महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाने एक परिपत्रक काढायचे आहे, की सभा दुपारी तीननंतर घ्यावी, त्या भागातल्या घरच्या भाषेत बोलणारे माणूस हजर ठेवावे, निकाल भिंतीवर साध्या वाक्यांत लावावा, मुलांची नावे आणि शाळांचे क्रमांक लावू नयेत. आमच्या समितीने असा ठराव करून मुख्याध्यापकांमार्फत वर पाठवला आहे. इतर शाळांच्या समित्यांनीही आपापल्या वहीत तो लिहावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या सभेला विभागाच्या अधिकाऱ्यांनी स्वतः यावे आणि महापालिकेचे पान त्यांनीच वाचून दाखवावे. शेजारणीला मी सांगून ठेवले आहे, त्या दिवशी ती माल सकाळीच देऊन येणार आहे.

आपली,
एक पालक
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती,
अशोक चौक परिसर, सोलापूर